राणीचं खाणं

"हात करा."

काका दुकानाची पायरी चढले की पहिलं वाक्य हे. राम राम नाही, 'बरं आहे का?' नाही. समोर कोण उभं आहे तेही बघायचं नाही. हात पुढे आला की पिशवीतून बाटली निघायची, आगकाडीच्या मागच्या टोकानं वाटाण्याएवढा मध तळहातावर यायचा आणि दुसरं वाक्य पडायचं, "आदी चाटायचं, मग बोलायचं."

एकदा दुकानाच्या तपासणीला साहेब आले होते. मी रजिस्टरं काढून देतेय आणि नेमके काका टपकले. "हात करा." साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. साहेबांनी गपगुमान हात केला आणि चाटला. "जांभळाचा हाय," काका म्हणाले. "म्हणून मागनं जरा तुरट लागतोय. लागू दे. माशी खोटं बोलत न्हाय." साहेब दोन बाटल्या सांगून गेले आणि माझं रजिस्टर टेबलावर तसंच उघडं राहिलं.

असा एखादा माणूस तुमच्याही गल्लीत असेल. आपण त्याला बघून हसतो, त्याच्या तऱ्हेची नक्कल करून घरी दाखवतो, आणि तो एकटा पडलाय हे आपल्या ध्यानात येईपर्यंत बराच उशीर झालेला असतो. माझ्या बाबतीत झाला. म्हणून हे लिहितेय.

शिवाजी पेठेत माझं औषधाचं दुकान आहे. वडिलांनी काढलेलं, मी फार्मसी शिकून पुढं चालवलेलं. माझं तोंड फाटकं आहे. गिऱ्हाईक गोळ्या न्यायला येतं आणि चार शब्द ऐकून जातं, असं माझी आईच सांगते. काकांना मात्र माझ्या तोंडाचं काही वाटायचं नाही. तीस-पस्तीस वर्षं कारखान्याच्या यंत्रांच्या आवाजात काढलेला माणूस, त्याला माझा आवाज म्हणजे काय!

काका पेठेतच राहायचे, साखर कारखान्यात पॅनमन होते. उसाचा रस शिजता शिजता साखरेचा दाणा कधी धरतो, ते नजरेनं ओळखायचं काम. काचेच्या पट्टीवर थेंब घ्यायचा, दिव्यासमोर धरायचा आणि सांगायचं, "अजून न्हाय," किंवा "झालं, सोडा." निवृत्त झाल्यावर पन्हाळ्याच्या पायथ्याला काकूंच्या भावाच्या रानात त्यांनी मधाच्या बारा पेट्या मांडल्या. माश्या आपल्या देशी, सातेरी. आठवड्यातून दोनदा स्कूटर काढून जायचे. "जल्मभर लोकास्नी साखर चारली," म्हणायचे, "आता पाप फेडायलोय."

काकूंविषयी काय सांगू? पेठेत कुणाची मुलगी कुठं दिली, कुणाचा पोरगा कितव्यांदा दहावीला बसला, कुणाच्या बारशाला घुगऱ्या कच्च्या राहिल्या होत्या, सगळं त्यांच्या डोक्यात. काऊंटरला टेकून उभ्या राहायच्या आणि मला सुधारायच्या. "त्येच्या आईची गोळी पांढरी असती गं, ही गुलाबी कुटली देतीस?" आणि खरंच माझी चूक निघायची. रागच यायचा मला.

एक गोष्ट मात्र त्या कधी सांगायच्या नाहीत. बिल करताना मी विचारायची, "कुणाच्या नावानं करू?"

"आमच्या ह्यांच्या."

"अहो पण नाव सांगा की."

मान खाली, पदर तोंडाला आणि गालात हसू. "जावा तिकडं! तुला म्हाईत न्हाय व्हय? लिव्ह की."

हळदीकुंकवाला बायका खनपटीला बसायच्या. काकू उखाणा झोकात सुरू करायच्या, दोन ओळी खणखणीत म्हणायच्या आणि ऐन नावाच्या जागी आल्या की पदर तोंडाला. बायका हसून लोळायच्या. लग्नाला चाळीस वर्षं झाली तरी हीच तऱ्हा. काका त्यावर खूश असायचे. "शिकवणच तशी हाय तिच्या माहेरची," म्हणायचे.

मग बामाचा दिवस आला. सकाळी नऊला काकूंनी बाम नेला. अकराला परत बाम नेला. चारला पायरीवर उभ्या, "बाम दे गं एक." मी आपली नेहमीसारखी फिस्सकन हसले. "काकू, बामाची काय भाजी करताय?" त्या हसल्या नाहीत. माझ्याकडे बघत राहिल्या. एवढ्या लोकांना पाठ असणारी बाई, आपण इथं कशाला आलो हे माझ्या तोंडावर शोधत होती. माझं हसू तिथंच वाळलं.

मी काकांना सांगितलं, डोक्याच्या डॉक्टरला दाखवा. त्यांनी उडवून लावलं. "वय झालं की. मी बी चष्मा डोक्याव ठिवून घरभर हुडकतोय." पण काकूंनी भाजीत दोनदा मीठ घातलं, तालमीच्या बोळातून स्वतःच्या घराची वाट चुकल्या, आणि मग काका एक दिवस मोबाइल हातात धरून आले. त्या दिवशी "हात करा" म्हणाले नाहीत.

"ताई, वाचा हे. मधानं डोकं जाग्याव येतंय. नुसता मध न्हाय, माशीचा डिंक, पराग, राणीचं खाणं, समदं. ह्यात लिवलंय."

मी वाचलं. रात्री घरी बसून आणखीही वाचलं, कारण उगीच नाही म्हणायला मलाही आवडत नाही. दुसऱ्या दिवशी स्पष्ट सांगितलं, "काका, मधमाशीच्या पदार्थांत चांगले गुण आहेत, अभ्यास चाललेत. पण ते बहुतेक उंदरांवर. माणसांवर झालेलं फार थोडं आहे आणि त्यातून गेलेली आठवण परत आली असं कुणी छातीठोक सांगत नाही. काकूंना शुगर नाही, तर चमचाभर मध द्या. पण डॉक्टरला दाखवा."

"उंदराला येतीया आठवण?"

"येते असं म्हणतात."

"मग तिला का येणार न्हाय? उंदरापरास गेली व्हय ती?"

मी चिडले. ते शांत. काऊंटरवर दोन बोटं ठेवून मला शिकवायला लागले. "ऐका. राणी माशी आणि कामकरी माशी, अंडं एकच. काय बी फरक न्हाय. फरक खाण्यात. जिला पयल्यापास्नं शेवटापतोर ते पांढरं दूध मिळतंय ती राणी हुती. कामकरी दीड-दोन म्हयन्यात मरती. राणी वर्सानुवर्सं जगती. एकाच अंड्यातनं! मग त्या खाण्यात काय तरी असणारच की न्हाय? तुमीच सांगा. शिकलेल्या हायसा."

शिकलेली मी, पण माशीचं काकूंना कसं लागू होईल एवढंच म्हणाले. "ते म्या बगतो," काका म्हणाले.

आणि बघायलाच लागले. आधी डिंकाच्या मागे लागले. मोबाइलवर दाखवतात तो प्रोपोलिस. बाराच्या बारा पेट्यांच्या फटी चाकूनं खरवडल्या आणि कागदाच्या पुडीत तपकिरी गोळा घेऊन आले. हुंगून बघितला, तर मेण आणि माती. पुढं मधमाशीतल्या एका जाणकारानं त्यांना सांगितलं की आपली सातेरी हा डिंक गोळाच करत नाही, तो परदेशी माशीचा उद्योग. काका दुकानात येऊन स्टुलावर बसले ते अर्धा तास उठले नाहीत. "चौदा वर्सं ह्यांच्यासंगं हाय, ताई," म्हणाले, "आणि ऐन येळंला म्हणत्यात, आमच्यात न्हाय हो तसलं." सोयऱ्याधायऱ्यांनी हात वर करावेत तसा त्यांना माश्यांचा राग आला होता. मला हसूही येत होतं आणि त्यांच्याकडे बघवतही नव्हतं.

मग राणीचं खाणं. पेटीत नवी राणी वाढवायची असते तेव्हा माश्या तिच्यासाठी वेगळी, शेंगदाण्याच्या टरफलासारखी कोठी बांधतात आणि ती त्या दुधानं भरतात. काका ती कोठी फोडायचे आणि आगकाडीच्या टोकानं दूध टिपायचे. चार कोठ्या फोडाव्या तेव्हा चमच्याचं टोक भिजायचं. तेवढं मधात कालवून सकाळी काकूंच्या जिभेवर. हंगामाच्या शेवटी तीन पेट्यांत राणीच उरली नाही आणि त्या माश्या उठून गेल्या. ज्या माणसानं माशी मरेल म्हणून कधी पेटीजवळ विडी ओढली नाही, तो हे करत होता. मी विचारलं, वाईट नाही वाटत? "वाटतंय की," म्हणाले. "पण माज्या घरात राणी एकच हाय."

हे सगळं लागू पडतंय की नाही, त्याचं मापही काकांनी ठरवलं होतं. रोज सकाळी मध चाटवून झाला की काकूंच्या समोर बसायचं आणि विचारायचं, "सांग बगू, मी कोण?"

काकू मान खाली घालायच्या. पदर तोंडाला लावून गालात हसायच्या. "जावा तिकडं!"

काका दहाच्या सुमाराला दुकानात हजर. चेहरा फुललेला. "वळखती, ताई! लाजली की आज बी. परक्या माणसाला कोण लाजतंय काय?"

काकूंच्या ध्यानातून मुलीचं नाव गेलं. मुलगी इचलकरंजीजवळ कबनूरला दिलेली, तिच्या सासरी यंत्रमाग. ती रविवारी यायची, काकू तिला "कुटल्या गं तुमी?" विचारायच्या आणि ती मोरीत जाऊन रडायची. माझं नाव गेलं. रस्ता गेला, तारीख गेली, जेवण झालं की नाही ते गेलं. काका म्हणायचे, "जाऊ दे की. मी हाय न्हवं तिच्या ध्यानात? मग झालं." एक वर्ष होऊन गेलं तरी डॉक्टरचं नाव काढू देत नव्हते.

आणि इथं मी माती खाल्ली. एका संध्याकाळी दोघं दुकानात आले. काकू खुर्चीत बसलेल्या. मीच काकांकडे बोट दाखवून विचारलं, "काकू, हे कोण? नाव घ्या बघू." काकूंची मान खाली, पदर वर आणि तेच हसू. "जावा तिकडं!" अगदी पूर्वीसारखं, रेसभर फरक नाही. काका माझ्याकडे असे बघत होते की माझ्यानं राहवलं नाही. मी म्हणाले, "लागू पडतंय वाटतं हो, काका."

फार्मसी शिकलेली बाई मी! उंदीर आणि माणूस ह्यातला फरक सांगणारी! पण डोळ्यांनी बघितलं होतं, आणि तो चेहरा समोर होता. काकांनी हात जोडले. "तुमी म्हणालासा, आता इषय संपला." डॉक्टरचा विषय खरंच संपला. त्या एका वाक्याचा मला अजून पस्तावा आहे.

त्यानंतर दोनेक महिने गेले असतील. दुपारची वेळ, दुकानात गर्दी नाही. काकूंना खुर्चीत बसवून काका स्कूटर वळवून आणायला गेले. इतक्यात माल टाकणारा एजन्सीचा माणूस आत आला. चाळिशीतला, जयसिंगपूरचा, पेठेशी काही संबंध नसलेला. काकूंची पिशवी खाली पडली होती, ती त्यानं उचलून दिली. "आजी, धरा."

काकूंनी मान खाली घातली. पदर तोंडाला लावला. गालात हसल्या. "जावा तिकडं!"

तो बिचारा मागे सरकला. मी वर बघितलं तर पायरीवर काका उभे. हातात स्कूटरची किल्ली.

ते आत आले, काकूंच्या काखेत हात घालून त्यांना उठवलं, सावकाश पायऱ्या उतरवल्या. काकू त्यांनाही तसंच लाजून बघत होत्या. स्कूटर सुरू व्हायला त्या दिवशी फार किका लागल्या.

दुसऱ्या दिवशी एकटेच आले. पिशवी नव्हती.

"ताई, काल तुमी बगितलासा न्हवं?"

खोटा दिलासा मी एकदा देऊन बसले होते. "बघितलं," म्हणाले.

"म्हंजे कोण बी असंल तर तसंच."

"हो, काका."

"मी म्हणत हुतो लाजती. तिला कळंना झालं की ती हसून येळ मारून नेत हुती." मान हलवत राहिले. "वरीसभर मी तिला रोज कोड्यात टाकत हुतो, ताई. सकाळी उटल्या उटल्या."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी आत जाऊन उगीच गोळ्यांचे डबे सरळ करत बसले. काका बाहेर बसून राहिले.

डॉक्टरकडे मीही गेले सोबत. डॉक्टरबाई भल्या होत्या. गोळ्या दिल्या आणि सरळ सांगितलं, ह्यानं घसरण थोडी संथ होईल, गेलेलं परत येणार नाही. काकांनी विचारलं, "आदी आणलं असतं तर?" त्या म्हणाल्या, "बरं तेव्हाही झालं नसतं, आजोबा. पण पुढं काय येणार ते तुम्हाला कळलं असतं, तयारीला वेळ मिळाला असता." मध बंद करू का, हेही विचारलं. "आवडत असेल तर द्या की," बाई म्हणाल्या. "औषध म्हणून नको, गोड म्हणून द्या."

तयारीला वेळ मिळाला नाही तो नाहीच. एका सकाळी काकूंनी ओरडून गल्ली गोळा केली. "घरात कोण बाप्या शिरलाय गं! आमचं हे न्हाईत घरात!" तालमीतले दोघे धावत आले. बघतात तर काका बनियनवर उभे, हातात चहाचं भांडं. लोक चुकचुकले आणि पांगले. काका शर्ट घालून पायरीवर येऊन बसले. काकूंनी आतून कडी लावून घेतली.

तेव्हापासून हे रोजचंच झालं. कधी तासभर, कधी सबंध सकाळ. मोलकरीण बाई आत असायची, म्हणून चिंता नव्हती. पण काका आपल्याच पायरीवर. पेपर वाचून झाला की तोच पेपर परत वाचायचे. तालमीच्या फुटबॉल मॅचच्या दिवशी पोरं झेंडे घेऊन बोंबलत जायची, कोण जिंकलं ते सुद्धा काका विचारायचे नाहीत. येणारा-जाणारा म्हणायचा, "काय काका, बसलाय व्हय?" "व्हय की. बसलोय." जो माणूस सगळ्या पेठेच्या हातावर मध ठेवायचा, त्याच्याशी दोन वाक्यांच्या पुढं बोलायला लोक घाबरायला लागले. दुःख अंगाला चिकटतं असं वाटतं लोकांना. मीही दुकान आहे, गिऱ्हाईक आहे, असं स्वतःला सांगत चार-चार दिवस तिकडं फिरकत नव्हते. कशाला लपवू?

मग त्यांनी एक युक्ती काढली. दार वाजवायचं आणि म्हणायचं, "मधवाला पावणा आलोय, ताई." स्वतःच्या बायकोला ताई! मला सांगताना ते पोटभर हसले, आणि फार दिवसांनी हसले.

"उघडलं दार?"

"उघडलं की. म्हणाली, बसा पावणं, पाणी घ्या. तांब्या दिला. मी म्हणालो, हात करा. तर हात मागं घेतला." काकूंचा आवाज काढून त्यांनी सांगितलं, "'नगं. आमच्यात मध इकत घेत न्हाईत. आमचं हे सोता मध काढत्यात. तुमच्यात साकर असंल.'"

मी हसले. ते हसत हसत थांबले.

"मला म्हणाली, ताई. साकर असंल. रोज म्हणती. घेत न्हाय ती माजा मध आता. काय केल्या घेत न्हाय. तिच्या मालकाचाच पायजे तिला."

"म्हणजे काका, तुम्ही आहात की त्यांच्या ध्यानात."

"हाय की. रोज वाट बगती माजी. मी समोर बसतोय, आणि ती दाराकडं बगत बसती. म्हणती, थांबा पावणं, येतीलच हे."

मला एकदम सुचलं. "मग काका, विचारा ना. पाहुणा म्हणूनच विचारा, की ताई, मालकांचं नाव काय?"

"परक्या बाईला तिच्या नवऱ्याचं नाव इचारायचं? बरं दिसतं व्हय?"

"काका, बास करा. कुणाला काय दिसायचंय तिथं?"

काचेच्या पट्टीवरचा थेंब दिव्यापुढं धरून बघणारा तो माणूस खाली फरशीकडे बघायला लागला. "आणि न्हाय आलं तर, ताई?" म्हणाले. "आता निदान असं वाटतंय, असंल तिला म्हाईत. इचारलं आणि न्हाय आलं, मग मी कुटं जाऊ?" वर म्हणाले, "तुमी बी इचारू नका. शपत हाय तुमास्नी." मी शपथ पाळली.

दिवाळीच्या आधी काकांना ताप आला. छातीत कफ झाला. दवाखान्यात तीन दिवस होते. मी भेटायला गेले तर पहिला प्रश्न, "दार कोण वाजवतंय सकाळचं?" मोलकरीण आहे, मुलगी आलीय, म्हणून मी सांगितलं. "तसं न्हाय," म्हणाले आणि डोळे मिटले. चौथ्या दिवशी पहाटे गेले. पेट्या काकूंच्या भावानं ठेवून घेतल्या. घराला कुलूप लागलं आणि मुलीनं काकूंना कबनूरला नेलं.

मी दिवाळी झाल्यावर पंधरवड्यानं गेले. मुलीचं घर म्हणजे वर दोन खोल्या आणि खाली मागांची शेड. खडखड अशी की शेजारच्या माणसाशी बोलायचं तर ओरडावं लागतं. काकू खिडकीशी खाटेवर बसल्या होत्या. स्वच्छ लुगडं, केस विंचरलेले. मुलीनं कपाळाला काही लावलं नव्हतं, पण त्यांनीच कुठून तरी कुंकू शोधून बोटानं ठसठशीत ओढलं होतं. मुलगी म्हणाली, "पुसवत न्हाय ओ माझ्यानं." मी म्हटलं, पुसू नकोस.

काकू माझ्याकडे बघून हसल्या. "या पावणं, बसा. च्या घ्या. आमचं हे भाईर गेल्यात, येतीलच."

मुलगी चहाला आत गेली. मी काकूंच्या शेजारी बसले. शपथ मला आठवत होती. पण शपथ घालणारा गेला होता, आणि ज्या भीतीनं ती घातली ती भीतीही त्याच्याबरोबर गेली होती. मी म्हणाले, "काकू, मालकांचं नाव काय तुमच्या?"

"आं?"

मागांच्या आवाजात ऐकू गेलं नव्हतं. मी कानाशी जाऊन ओरडले, "मालकांचं नाव काय?"

काकूंनी मान खाली घातली नाही. पदराला हात लावला नाही. सरळ माझ्याकडे बघितलं आणि मागांच्या वर आवाज काढून नाव घेतलं. काकांचं नाव, त्यांच्या वडलांचं नाव, आडनाव. वर म्हणाल्या, "कारखान्यात पॅनमन हायेत. मध बी काढत्यात. पेठंत कुणाला बी इचारा."

मुलगी दारात कपबशी घेऊन उभी होती. "आईच्या तोंडातनं नाव पयल्यांदा ऐकतोय मी," म्हणाली आणि तिथंच खाली बसली. चहा बशीत सांडला.

आम्ही सगळे त्या बाईला समोरच्या माणसाकडे बोट दाखवून विचारत राहिलो, हा कोण, हा कोण. तो कोण ते तिला खरंच माहीत नव्हतं. पण नवरा तिला पाठ होता. नाव घ्यायचं नसतं एवढंच ती विसरली होती. एकदा विचारायचं होतं हो, काका. एकदा. मी का शपथ पाळली?

निघताना काकूंनी माझा हात धरला. "तुमी आलतासा म्हणून सांगतो ह्यास्नी. कोण आलतं म्हणू?"

"औषधाच्या दुकानातली आली होती म्हणून सांगा," मी ओरडून म्हणाले. "ओळखतील ते."